कच्चा दोरा

मी गाड्यांचा मिस्त्री. शाळा सातवीपर्यंत. त्यातही मी कमी गेलो, शाळाच माझी वाट बघत बसली. वाचन म्हणाल तर गाड्यांचे नंबर. रस्त्याच्या पार त्या टोकाला गाडी वळली की मी इथं गाडीखाली आडवा पडल्या पडल्या नंबर सांगतो. इंग्रजी अक्षरं मला पाट्यांपुरतीच येतात, पण येतात ती पक्की येतात.

आणि माझी लेक पाखरांची. चांगली शिकली, आणि शिकून चिखलात उतरली. थंडी पडली की कधी तळ्याच्या काठी, कधी खाडीच्या काठी, गळ्यात दुर्बीण आणि पायात गुडघ्यापर्यंत बूट. गॅरेजवर लोक विचारायचे, "मिस्त्री, पोरगी काय करते?" मी सांगायचो, "बदकांची हजेरी घेते." लोक हसायचे. मीपण हसायचो. तेव्हा मला तरी काय अक्कल होती!

मागच्या थंडीत एका सकाळी तिचा फोन आला. "बाबा, खाडीवर या. माझा जोडीदार तापानं फणफणलाय आणि मला तुमचे हात पाहिजेत. तोंड घरी ठेवून आलात तरी चालेल."

गेलो. बांधावर पोरगी मांडी घालून बसलेली आणि मांडीवर कापडाच्या पिशवीत एक पाखरू. पाणटिवळा म्हणतात त्याला. अंगानं कबुतराएवढा, पाय सायकलच्या स्पोकसारखे, आणि चोच एवढी लांब की बनवणाऱ्यानं माप न घेताच कापली असावी. एका पायात तिनं पिवळी पट्टी अडकवली होती, तिच्यावर काळ्या रंगात 'के ७'.

"नंबरप्लेट!" मी म्हणालो.

"तेच समजा. आता याच्या पाठीवर हे यंत्र बांधायचंय. कुठं कुठं जातो ते आपल्याला फोनवर दिसेल."

यंत्र म्हणजे काडेपेटीच्या अर्ध्याएवढं. त्याचे दोन बारीक पट्टे मांड्यांवरून घ्यायचे आणि मधे एका जागी दोऱ्यानं गाठ मारायची. तिनं दिला तो दोरा मी बोटानं ओढून बघितला. साधं सूत.

"हा तर कच्चा आहे गं."

"कच्चाच पाहिजे. वर्ष-दीड वर्षात कुजतो, तुटतो, यंत्र पडून जातं. पाखरू मोकळं. जन्मभर त्याच्या पाठीवर ओझं ठेवायचा आपल्याला काय अधिकार?" असं म्हणून तिनं पाखरू माझ्या मांडीवर दिलं आणि वही काढून वळली. "यंत्र पेलायला वजन जरा काठावरच आहे याचं," ती पुटपुटली. "पण चालेल बहुतेक."

आता माझं ऐका. पस्तीस वर्षं मी गाड्या दुरुस्त करतोय. माझ्या हातचा नट वाटेत गळून पडला असं कुणी सांगितलं तर मी त्याच्या घरी जाऊन भांडेन. आणि इथं माझी लेक मला सांगतेय की असं काम करा, जे आपोआप सुटेल! मनाला पटेना. खिशात सीट शिवायचा नायलॉनचा दोरा होता. काळा, बारीक, हत्ती बांधला तरी तुटायचा नाही. यंत्र वाटेत पडलं तर पोरीच्या एवढ्या मेहनतीचं काय, असं म्हणालो मनात, आणि तिची पाठ होती तेवढ्यात बदलला. दोन गाठी मारल्या. वर डिंकाचा थेंब.

तिनं वळून बघितलं, गाठ पिसांत बुडालेली, वरून बोट फिरवलं. "झकास, बाबा."

पाखरू माझ्या मुठीत होतं. त्याचं काळीज माझ्या बोटांना लागत होतं. एवढं जलद चालणारं इंजिन मी कधी हातात धरलं नव्हतं. मूठ उघडली आणि ते गेलं.

थंडी सरली तसं ते उत्तरेला निघालं. घरात दुसरा विषय नाही. फोनवर एक लाल ठिपका. बायको उठल्या उठल्या विचारायची, "कुठंय गं आज तो?" एकदा ठिपका बर्फाच्या डोंगरांवरून गेला. चार दिवस, चार रात्री, कुठं उतरणं नाही. मी गॅरेजमधे बसून विचार करायचो. माझी चांगली गाडी असली तरी तिला पेट्रोल लागतं, पाणी लागतं, टायर लागतात. हे पोटातल्या चिमूटभर चरबीवर डोंगर ओलांडतंय! लोकांना सांगायचो, तर लोक म्हणायचे, "मिस्त्री, पुरे."

मग एक दिवस ठिपका थांबला. कुठल्याशा लांबच्या तळ्याकाठी. दुसऱ्या दिवशी तिथंच. आठवड्यानं तिथंच. मग तोपण दिसेनासा झाला.

पोरगी म्हणाली, "यंत्र बिघडलं असेल." पण ती म्हणाली एक आणि तिच्या चेहऱ्यावर दुसरंच. एक दिवस आईजवळ रडली. "वजन काठावर होतं, आई. मी सोडून द्यायला पाहिजे होतं. मी मारलं त्याला." तेव्हापासून तिची वही कपाटात. येत्या थंडीनंतर हे काम बंद, मामाच्या ऑफिसात जाणार, असं तिनं ठरवूनच टाकलं.

मी दाराआडून ऐकलं. खरं कारण मला माहीत होतं. यंत्र कुठल्या फांदीत, कुठल्या गवतात अडकलं असेल, आणि कच्चा दोरा असता तर एका झटक्यात तुटला असता. माझा तुटणार नव्हता. रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज तोंड उघडायचो आणि म्हणायचो, "चहा कर गं."

यंदा थंडी पडली, पाखरं आली. पोरगी म्हणाली, "बाबा, शेवटचं एकदा बघते. परवा मोठी भरती आहे. चिखल सगळा पाण्याखाली जाईल, आणि खाडीतली यच्चयावत पाखरं बांधावर येऊन बसतील. आडोशात पाच तास बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही. ती एकदा उडाली की थकतात, त्यांना त्रास होतो. तुम्ही चला. तुमच्याइतके नंबर कुणाला दिसत नाहीत."

"बोलायचं नाही?" बायको आतून बाहेर आली. "पाच तास? हे? मला घेऊन चला बाई, मला पाखरं नकोत, मला हेच बघायचंय."

आडोशाचा सांगाडा मीच वेल्डिंग करून दिलेला, वर हिरवी ताडपत्री. आत दोन स्टुलं. माझ्यासमोर एक फट, तिच्यासमोर एक. मधे लोखंडाचा खांब, त्यामुळं मला दिसतं ते तिला दिसत नाही, तिला दिसतं ते मला नाही. पाणी चढायला लागलं होतं. चिखलावरून ते असं येत होतं की येताना दिसत नव्हतं, फक्त चिखल कमी होत होता.

आधी काहीच नाही. थंडीनं माझे गुडघे बोलायला लागले. मग लांब पाण्यावर धूर दिसला. मला वाटलं, कुणीतरी कचरा जाळतंय. धूर वळला आणि पांढरा झाला. परत वळला, काळा. मग फुटला, दोन झाला, चार झाला, आणि सरळ आमच्याकडं यायला लागला.

मी माणूस बडबड्या, पण हे सांगायला शब्द पुरत नाहीत. डोक्यावरून जाताना ताडपत्री थरथरली. आवाज कसा, तर चाळीस ट्रक एकदम मोकळ्या रस्त्यावरून सुटावेत आणि इंजिनं बंद असावीत, नुसता वारा. माझ्या तोंडून "आई गं" निघालं. पोरीनं अंधारात माझा हात दाबला. गप्प.

आणि उतरली. हजारो. माझ्या फटीपासून दहा पावलांवर. आधी नखाएवढी पाखरं, मग मोठी, मग लांब पायांची. पाणी पुढं सरकलं की ती मागं सरकायची, आमच्याकडं. सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडं. थोडी कुजबुज झाली, जागेवरून दोन-चार भांडणं झाली, आणि मग हळूहळू सगळी झोपली. एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत. हजारो जीव समोर झोपलेत, अर्धी पृथ्वी तुडवून आलेत, आणि मी त्यांच्यापासून एवढ्या जवळ की वाऱ्यानं त्यांचं एकेक पीस उचललेलं दिसतंय. मला श्वास घ्यायचीपण भीती वाटली. ज्या डोंगरांवर मी नुसता ठिपका बघितला होता, त्यांची हवा याच पंखांना लागली होती. आणि असल्या जिवाच्या पाठीवर मी गाठ मारली होती, डिंक लावून.

पाणटिवळे पन्नास-साठ असतील. मी रांगेनं पाय तपासायला लागलो. पट्टी नाही, पट्टी नाही, पट्टी नाही. एकदा एक हिरवी दिसली, कुणा दुसऱ्या देशाची. तास गेला. मग एक दिसला, डाव्या हाताला, कडेला. त्याचा दुसरा पाय पोटात, आणि पोटाच्या पिसांतून काहीतरी पिवळं, तांदळाच्या दाण्याएवढं.

आता तो पाय खाली घेईल तेव्हा. मी वाट बघितली. वीस मिनिटं. तीस. पाखरू झोपलंय, आणि माझ्या कपाळावर थंडीत घाम.

पाण्याची एक लाट त्याच्या पायाला लागली. त्यानं डोळा उघडला, पाय खाली टेकला, एक पाऊल मागं आला.

के ७.

जिवंत! मला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात वारा आला आणि त्याच्या पाठीची पिसं उचलली. यंत्र तिथंच होतं. गप्प पडलेलं, मेलेलं, आणि घट्ट बांधलेलं.

मी पोरीकडं बघितलं. तिचा डोळा तिच्या फटीला. तिला ते पाखरू दिसत नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. भरती उतरली असती, पाखरं गेली असती, मी म्हणालो असतो, "नाही गं दिसला." माझं काम झाकलं गेलं असतं. आणि ती मामाच्या ऑफिसात जाऊन बसली असती, आपण एक जीव मारला असं जन्मभर म्हणत.

कबूल करतो, मी थोडा वेळ गप्प बसलो. फार नाही. पण बसलो.

मग स्टुलावरून कणाकणानं मागं सरकलो आणि तिला बोटानं माझ्या फटीकडं खुणावलं. ती आली. मी बोटानं तिच्या तळहातावर काढलं, के, आणि सात.

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतेय. रडत होती आणि हसतपण होती, तोंडावर हात दाबून. मग एकदम थांबली. दुर्बीण लावली. पाठीकडं बघितलं, वाऱ्यानं पिसं उचलली की काळी गाठ दिसत होती. माझ्याकडं वळली. ओठ हलले, आवाज नाही.

"दोरा?"

मी माझ्या छातीवर बोट ठेवलं.

दोन तास! भरती उतरायला अजून दोन तास होते. माझी लेक माझ्यापासून वीतभर अंतरावर, डोळ्यांत जाळ, आणि तोंडातून शब्द काढायची सोय नाही. बायकोनं हे बघायला पाहिजे होतं. पण खरं सांगू? अर्ध्या तासानं ती परत फटीला लागली, तिचं डोकं माझ्या खांद्याला टेकलं, आणि आम्ही दोघं एकाच फटीतून आळीपाळीनं त्या एका पाखराची झोप बघत बसलो. मेलेलं यंत्र पाठीवर घेऊन ते डोंगर परत ओलांडून आलं होतं. याच बांधावर, याच खाडीत.

पाणी उतरलं. चिखलाची पहिली कड उघडी पडली तशी सगळी एकदम उठली आणि आभाळ परत हललं. शेवटचं पाखरू गेलं आणि पोरगी बोलायला लागली. काय काय बोलली ते सांगत नाही. गाडीपर्यंत बोलली, गाडीत बोलली, घराच्या पायऱ्यांवर बोलली. मी फक्त म्हणत होतो, "बरोबर आहे. बरोबर आहे." शेवटी दारात थांबली.

"इतके महिने मला रडताना बघितलंत, बाबा."

तिनं दारात काढलेले चिखलाचे बूट मी उचलले आणि नळाखाली धुवायला घेतले.

दुसऱ्या दिवशी कपाटातून वही बाहेर आली. "आता त्याला धरायचा," ती म्हणाली, "आणि दोरा तुम्ही कापायचा. तुमच्या हातांनी."

दहा दिवस पहाटे उठून आम्ही बांधावर जाळं लावलं. भलतीच पाखरं सापडली, ती सोडली. अकराव्या दिवशी तो सापडला. तिनं वजन केलं, आणि वहीत लिहायच्या आधी आकडा दोनदा मोठ्यानं म्हणाली. चांगला भरला होता गडी. मग माझ्या मुठीत दिला. तेच इंजिन, तसंच जलद.

मी सगळ्यात बारीक कात्री लावली. ऊन, बर्फ, खारं पाणी, सगळं त्या दोऱ्यावरून गेलं होतं. डिंक उडाला होता. गाठ तसूभर सरकली नव्हती. तीन वेळा दाबल्यावर तुटली.

यंत्र पोरीच्या हातात पडलं. मी मूठ उघडली. पाखरू लगेच उडालं नाही. माझ्या तळव्यावर उभं राहिलं, आपली पाठ झटकली, परत एकदा झटकली, आणि गेलं. त्याचा हलका झालेला भार माझ्या हाताला कितीतरी वेळ जाणवत होता.

मी खाली पडलेली गाठ उचलून उन्हाला धरली.

"बाबा," पोरगी म्हणाली, "हसू नका."

"हसत नाही गं."

"तुम्हाला आत्ता अभिमान वाटतोय. मला कळतंय."

"थोडासा," मी म्हणालो.

तिनं पिशवीतून साध्या सुताचं रीळ काढलं आणि माझ्या खिशात घातलं. माझ्या खिशातला नायलॉनचा दोरा काढून स्वतःच्या खिशात टाकला. "उद्या नवीन पाखराला बांधायचंय," ती म्हणाली. "पहाटे पाचला तयार रहा. आणि तोंड आणलंत तरी चालेल."