बरबटीचं बी

आमच्याकडे कपाशीच्या दर आठ ओळींमागे एक ओळ घरातल्या बाईची असते. तूर, अंबाडी, बरबटी म्हणजे चवळी, जे घरात खायला लागतं ते ती त्यात पेरते. आमच्या शेतात त्या ओळी माझ्या बायकोच्या, वच्छलाच्या. बरबटीचं बी तिने माहेराहून, लोणारहून आणलेलं. पेरणीआधी ती त्यातलं मूठभर शेजारच्या झुंबरबाईला द्यायची आणि तिचं मूठभर घ्यायची. एकीचं गेलं तर दुसरीकडे राहावं म्हणून.

मागच्या साली मी चोरबीटी लावली. कपाशीच्या या बियाण्याला सरकारची परवानगी नाही, पण लपूनछपून मिळतं. तणनाशक मारलं की कपाशी तेवढी उभी राहते, बाकी सगळं जळतं.

विकणारा म्हणाला, "काका, जगाची भूक अशाच बियाण्यानं मिटून राह्यली, अन् तुम्ही अजून निंदत बसले!"

जगाचं मला कळत नव्हतं. मला निंदणाला, तण काढायला, बाया मिळत नव्हत्या.

वच्छलाची ओळ आली की पाठीवरचा फवारणीचा पंप बंद करायचा, असं मी ठरवलं होतं. पहिल्या ओळीला, तुरीच्या, केला. पुढे पाठ भरून आली, मग नाही केला. आठ दिवसांत बरबटी वाळून गेली.

"हे कोनं केलं?" वच्छलाने विचारलं.

त्याच आठवड्यात झुंबरबाईच्या नवऱ्याने, मोतीरामने, आमच्या दोन शेतांमधल्या धुऱ्यावरचं गवत तणनाशकाने मारलं होतं. मी म्हणालो, "मोतीरामचा फवारा वाऱ्यानं आला असंल."

एवढंच बोललो. त्याच दिवशी वच्छलाने झुंबरबाईला फवाऱ्यावरून सुनावलं आणि तिच्याशी बोलणं सोडलं. श्रावणात आम्ही नुसत्या वरणासोबत भाकर खाल्ली.

एकदा मी म्हणालो, "बी तिच्याजवळ असंल. माग ना."

"उपाशी राहीन, पण तिच्या दारात जानार नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कार्तिकात वच्छला झोपेतच गेली. झुंबरबाई आली, अंगणातच उभी राहिली आणि परत गेली.

वर्षश्राद्धाच्या पानावर तिची बरबटी हवी होती. म्हणून यंदा पेरणीच्या दिवसांत मी झुंबरबाईकडे गेलो. ती ओट्यावर तूर पाखडत होती.

"काहून किसनभाऊ, वाट चुकले का?"

"बरबटीचं बी पाह्यजे होतं."

"काहून? पुन्हा आमच्या फवाऱ्यानं जाळाले पाह्यजे?"

"तुमच्या फवाऱ्यानं नाही जळलं, वहिनी. माह्या पंपानं जळलं. मी तिच्याशी खोटं बोललो."

तिने सूप खाली ठेवलं.

"मी विहिरीवर असली तं ती रिकामी घागर घेऊन वापस जाये," ती म्हणाली. "हे तिले सांगाचं होतं. आता मले सांगून काय करता?"

तिने सूप पुन्हा उचललं.

"बी तुमच्या हाती नाही देत. माह्या शेतात लावीन. तिच्या पानापुरतं आणून देईन. जा आता."

कार्तिकात, तिथीच्या दिवशी, ती झाकलेली वाटी घेऊन आली. पानावर भाजी तिनेच वाढली.

"जेवून जा, वहिनी."

"नाही," म्हणाली आणि निघाली.

धुऱ्यावरून जाताना ती माझ्या शेतापाशी थांबली. यंदा मी साधी कपाशी लावली होती आणि दर आठ ओळींमागे एक ओळ रिकामी सोडली होती. तिने तिकडे पाहिलं आणि पुढे गेली.