जामचं ऊन

पौर्णिमा हनोईत मेली नाही. तिथल्या एका खाणावळीत तिनं नूडल्सचा वाडगा परत पाठवला, वेटरला वाईट वाटलं, आणि ती जगली. पण हे अजून घडलेलंच नाही असं धरून चालू. कारण सिंदी (रेल्वे)त हे कोणालाही सांगितलं असतं, तर 'परत काऊन पाठवला, थोडासा तं खायाचा' एवढ्यावरच चर्चा संपली असती.

तर सिंदीत, अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर पौर्णिमा बसली होती आणि तिचे वडील लहानूजी खांद्यावर टॉवेल टाकून व्हिएतनामी वेटर झाले होते. अख्खी नोकरी सेलूच्या तहसील कार्यालयात काढलेला माणूस वेटर झाला, तरी फाईल घेऊन साहेबांकडे जावं तसाच चालतो. लहानूजी सावकाश आले. टेबल नव्हतं म्हणून त्यांनी पाण्याच्या टाकीवर ताटली ठेवली.

"घ्या मॅडम. नूडल."

"याच्यात शेंगदाणे आहेत काय?"

लहानूजींनी ताटलीत वाकून पाहिलं. ताटली रिकामी होती.

"नाई," ते म्हणाले. "म्हणजे, थोडेसेच."

"बाबा, थोडेसेच असले तरी मी मरते."

"तं मंग वेचून देऊ?"

"वेचून दिले तरी मरते."

"मॅडम, तुम्ही लई किरकिर करून राह्यल्या," लहानूजी म्हणाले. मग टॉवेलनं तोंड पुसून ते ओट्यावर बसले. "पोरी, तो असाच म्हणन. मंग तू काय करशीन?"

"उठून जाईन."

"न जेवता?"

"न जेवता."

लहानूजींनी टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला. त्यांच्या माहितीत पानावरून उठून गेलेला माणूस एकच होता, आणि त्याच्याशी त्याचा सासरा अजून बोलत नव्हता.

पौर्णिमा हिंगणघाटच्या एका सूतगिरणीत धागा तपासायची. नवीन यंत्रं व्हिएतनाममधून येणार होती आणि ती शिकायला कोणीतरी हनोईला जायचं होतं. साहेबांनी नाव तिचंच काढलं, आणि मग कोणीतरी तिची ॲलर्जी त्यांच्या कानावर घातल्यावर तिला बोलावून घेतलं.

"तिकडं म्हणे सगळ्यातच शेंगदाणे घालतात. दुसऱ्या कोणाला पाठवू का?"

"सर, इकडं काय बदाम घालतात?"

साहेबांनी तिचंच नाव कायम ठेवलं. ज्या जिल्ह्यात पोह्यांत शेंगदाणे, भाजीत कूट, उपासाला शेंगदाणे आणि उपास सोडायलाही शेंगदाणे, तिथं ही मुलगी सव्वीस वर्षांची झाली होती. तिला व्हिएतनामची भीती घालणं हा तिच्या अनुभवाचा अपमान होता.

तयारी मात्र तिनं कसून केली. व्हिएतनामी भाषेतलं एक कार्ड करून घेतलं, लॅमिनेट केलं: मला शेंगदाणा चालत नाही, त्याच कढईतलं तेलही चालत नाही, खाल्लं तर माझा श्वास बंद पडतो. कमरेच्या पाऊचमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन इंजेक्शनं. इंजेक्शन कसं टोचायचं याचा सराव ती सिरिंजमध्ये पाणी भरून वांग्यावर करायची. लहानूजींनीही केला. त्या आठवड्यात भरल्या वांग्यांचा रस्सा नेहमीपेक्षा पातळ झाला आणि त्याचं कारण कोणी विचारलं नाही.

हे सगळं आत्या दारात बसून बघायची. धुरपता ही लहानूजींची थोरली बहीण. पौर्णिमाची आई गेली तेव्हापासून घर तिच्याच हातात होतं.

"वांग्याले कायची ॲलर्जी आहे वो?" ती विचारायची.

आत्याचा ॲलर्जीवर विश्वास नव्हता. पौर्णिमा कॉलेजात असताना जाम गावी नात्यातलं लग्न होतं. आत्यानं स्वतः चिवड्यातले शेंगदाणे एकेक करून वेचले आणि चार पाहुण्यांच्या देखत ताटली पुतणीच्या हातात दिली. वेचल्यानं काही होत नाही हे पौर्णिमाला माहीत होतं. पण आत्या समोर उभी होती, पाहुणे बघत होते. तिनं दोन घास खाल्ले. ओठ सुजले, गळा आवळत गेला, आणि नवरदेवाच्या फुलं लावलेल्या गाडीतून तिला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. आत्या म्हणाली, पोरीले ऊन लागलं. तेव्हापासून ते ऊनच होतं. विषय निघाला की आत्या म्हणायची, "ते जामचं ऊन होतं ना!" आणि उठून कामाला लागायची.

म्हणून खरी परीक्षा हनोईत नव्हतीच. कार्ड परक्याला दाखवायला काय लागतं?

निघायच्या आदल्या दिवशी दुपारीच घर भरलं. जय भीम, जय भीम करत नातेवाईक आले, चपलांचा ढीग पडला. हनोई कुठं आहे यावर दोन मामांचं भांडण झालं आणि ते चीनच्या अलीकडे की पलीकडे हे चहा येईपर्यंत ठरलं नाही. तेवढ्यात आत्या आतून ताट घेऊन आली. पिवळाधमक चिवडा, वर खोबऱ्याचे काप.

"घे. एकबी शेंगदाणा नाई. नवी कढई घेतली. तेल सरकीचं. पोहे बी नवे आणले. सकायपासून उभी आहो मी."

खरंच उभी होती ती. पाय सुजले होते.

"आत्या," पौर्णिमा म्हणाली, "हालवायले चमचा कोणता घेतलता?"

"चमचा चमचाच असते!"

"कोणत्या डब्यातला?"

"पोरगी इमानात बसाच्या आधीच पोलीस झाली," एक मामा म्हणाले. कोणीतरी हसलं. आत्या हसली नाही. ताट तिनं आणखी पुढं केलं.

"माह्या हातचं आहे. एक घास घेजो. माह्यासाठी."

पौर्णिमानं कमरेच्या पाऊचमध्ये हात घातला, कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी आत्याच्या तोंडासमोर धरलं. कार्ड व्हिएतनामीत होतं. त्या घरात ते वाचणारं कोणी नव्हतं, सिंदीतही नसावं. तरी आत्यानं चष्मा वर सरकवून ते शेवटपर्यंत वाचलं.

"नाई," पौर्णिमा म्हणाली. "मी नाई खात."

सगळ्यांनी लहानूजींकडे पाहिलं. समजूत काढणं हे त्यांचं खातं होतं, आणि 'थोडंसं तं घे' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लहानूजी उठले. खांद्यावरचा टॉवेल नीट केला, आत्याच्या हातातलं ताट घेतलं.

"मॅडमनं ऑर्डर कॅन्सल केली," ते म्हणाले आणि ताट घेऊन आत गेले.

त्यानंतर आत्या कोणाशीच बोलली नाही. सकाळी ऑटो दारात लागला तेव्हा ती बाहेर आली. पौर्णिमा पाया पडली. आत्यानं तिच्या पाऊचची चेन ओढून बघितली, नीट लागली आहे ना ते.

"कुटाच्या डब्यातला होता," ती म्हणाली.

"काय?"

"चमचा. सवयीनं हात गेला. झाडू मारताना आठवलं."

ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. आत्या रस्त्याकडे बघत होती.

"आन् जामचं लग्न," ती म्हणाली, "ते जानेवारीतलं होतं."

एवढं बोलून ती आत गेली.

हनोईत पौर्णिमानं खाणावळीतल्या वेटरला कार्ड दाखवलं. त्यानं ते वाचलं, छातीवर हात ठेवून मान डोलावली आणि आतून वाफाळता वाडगा आणला. शेंगदाणा कुठंच नव्हता. फक्त कडेला, हिरव्या पाल्याला चिकटून, एक लालसर साल होतं, नखाएवढंसुद्धा नाही. पौर्णिमानं बोट ठेवून ते दाखवलं. वेटर ओशाळला. अंगठा आणि बोट जुळवून त्यानं हवेत दाणे उचलल्यासारखं केलं, एक, आणखी एक, आणि बाजूला टाकले. मग बोटांतली फट दाखवली. थोडेसेच.

पौर्णिमाला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तिनं वाडगा दोन्ही हातांनी उचलला, त्याच्या हातात परत दिला आणि घरून आणलेल्या कोरड्या पोळीचा डबा उघडला. डबा, चमचा, सगळं तिचं स्वतःचं. मग घरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी लहानूजींचा कान आला, नंतर आत्याचा चष्मा.

"जेवली काय वो?"

"पोळी खाऊन राह्यली. याचा वाडगा परत केला." तिनं फोन वेटरकडे वळवला. तो वाडगा धरून तसाच उभा होता, पाहुणीनं अन्न परत केल्यावर माणूस उभा राहतो तसा.

"वेचले वाटते त्यानं," आत्या म्हणाली.

"हो."

आत्यानं फोन चष्म्याजवळ नेऊन त्या माणसाकडे पाहिलं.

"त्याले सांग, मी बी वेचले होते."

पौर्णिमानं हे कसं सांगावं याचा विचार केला. तेवढ्यात लहानूजींनी फोन ओढून घेतला, घसा खाकरला आणि थेट हनोईच्या खाणावळीला उद्देशून, सेलू तहसीलच्या आवाजात सुरुवात केली:

"उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर कढई व तिचा चमचा यांचा आमच्या समक्ष पंचनामा करून दोन्ही सेवेतून कमी करण्यात यावेत, त्यांच्या जागी नवीन कढई रुजू करून घेऊन तसा अनुपालन अहवाल मुक्काम सिंदी (रेल्वे) येथे दोन प्रतींत सादर करावा, आणि सदर अहवाल प्राप्त होईपर्यंत जगातील सर्व स्वयंपाकघरांतून 'थोडेसेच' या शब्दाच्या वापरास तात्काळ प्रभावाने स्थगिती द्यावी."