झोळीतलं इंग्रजी

मी झोळी बोलतेय. भिकेची नव्हे हो, बाळाची!

बुऱ्हाणपूरच्या हातमागावर जन्मले तेव्हा मी नऊवारी लुगडं होते. मनकर्णाबाईंनी मला विरेपर्यंत नेसलं आणि नात झाली तसं आढ्याला बांधलं. तेव्हापासून माझा जीव गाठीत. कुसुम जरा कुशीवर वळली, की वाटायचं, सुटले वाटतं! सुटले कधीच नाही. पण माझा माझ्यावरच भरवसा नाही.

कुसुमची आई कमलही तशीच, सदा धास्तावलेली. मॅट्रिकला गेल्या साली ती एकट्या इंग्रजीत नापास झाली होती. यंदा पास झाली, तर मुलींच्या शाळेत नोकरी मिळणार होती. सासूबाईंनी, म्हणजे मनकर्णाबाईंनी, बजावलं होतं, "ही शेवटची खेप."

शेजारच्या आशाबाई टोमणा मारायच्या, "नागपूर गेलं मुंबईकडे, आपण राहिलो इकडेच, मध्य प्रदेशात. अब सब हिंदीत चालणार. तुझ्या इंग्रजीचं काय लोणचं घालायचं?"

कमल एका हाताने माझी दोरी ओढत रजेचा अर्ज घोकायची, "सर, आय बेग टू स्टेट..." पोरीला अंगाईची सवयच लागली नाही. अर्जातल्या आईला ताप आल्याचं इंग्रजीत ऐकलं, की ती गाढ झोपायची!

पेपरच्या दिवशी हेच अंगाशी आलं. कमल शाळेत आणि कुसुमने घर डोक्यावर घेतलेलं. मनकर्णाबाईंनी ओव्या म्हटल्या, खुळखुळा वाजवला. पोर रडून रडून लालबुंद. आशाबाई धावत आल्या. "चला शाळेत घेऊन. आईला बाहेर बोलवू."

कमल बाहेर आली, की पेपर बुडालाच!

मनकर्णाबाईंनी दार ओढून घेतलं. "ती नाही येणार बाहेर."

मग त्यांनी दोरी धरली, डोळे मिटले आणि सुरू झाल्या, "सर, आय बेग टू स्टेट..." चुलीपाशी बसून ऐकता ऐकता सबंध अर्ज त्यांना पाठ झाला होता. कुसुमचे हुंदके थांबले. आशाबाई तोंडाला पदर लावून मटकन खालीच बसल्या.

दुपारी कमल धापा टाकत सासूबाईंपाशी आली. "आत्याबाई, रडली का हो?"

"रडली तर! मग हेडमास्तरकडे रजा मागितली."

कमल पास झाली. काठावर, पण झाली. आता ती रोज शाळेत जाते, कुसुम अंगणात पळते आणि मी घडी होऊन पेटीत पडलेय.

तुमच्याही घरी एखादी सून दोरी ओढत पुस्तक वाचत असेल. तिला वाचू द्या, दोरी घटकाभर तुम्ही घ्या. मला काय, कुणीही झोका दिला तरी चालतो.