चोचीची वाटी हरली, बरं झालं!

मी चोचीची वाटी बोलतेय. तान्ह्या बाळाला दूध पाजायची ती मी. घाटावर मला बोंडलं म्हणतात. म्हणोत बापडे. देवाने चोच दिली आहे, तर मी गप्प बसणार नाही.

डिचोलीच्या एका कासाराने मला काशाची घडवली, चिंचेने घासून लख्ख केली आणि मी इब्रामपूरच्या या घरात आले. आले ती राणीसारखी! घरात मूल जन्मलं की आधी माझा शोध. आईचा पहिला पिवळा चीक 'बाळाला जड पडतो' म्हणून पिळून टाकायचा आणि माझ्या चोचीतून गुळाचं पाणी पाजायचं. मग गाईचं पातळ दूध. असा रिवाज. त्यात कुणाचं नुकसान होतं, हे विचारणार कोण?

विमल या घरची सून होती तेव्हा तिचा जयवंत माझ्यावरच वाढला. त्याला मी पाजायची आणि विमलची चोळी पुढून भिजायची. परसात जाऊन, भिंतीकडे तोंड करून ती चोळी बदलायची. हे फक्त मी पाहिलं.

वर्षं गेली. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या साली जयवंतला मुलगा झाला. जयवंत खाणीवर ट्रक चालवायचा. त्याची बायको शुभांगी नार्व्याची. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. विमल आता सासू. तिने मला माळ्यावरून काढलं, घासलं आणि सगळा रिवाज पुन्हा सुरू!

दवाखान्यातली नर्सबाय शुभांगीला चार गोष्टी सांगून गेली होती. पण दिवेलागणीला पोर किरकिरलं, की शेजारपाजारच्या बाया एका सुरात, "दूध पुरना गो त्याका!" अहो, संध्याकाळी सगळीच तान्ही किरकिरतात, सारखी प्यायला मागतात. पण ऐकतंय कोण? आणा वाटी!

माझ्या चोचीतून दूध आपसूक ओघळतं, आईकडे ते ओढून घ्यावं लागतं. माणसाचंच पोर ते! सोपी वाट सापडल्यावर अवघड कशाला चालेल? शुभांगीने जवळ घेतलं की तोंड फिरवून टाहो फोडायचं. इकडे तिची छाती दगडासारखी घट्ट झाली, पदर लागला तरी कळ यायची.

एका संध्याकाळी पडवीत जयवंतच्या दोस्तांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. राज्याची भाषा मराठी की कोकणी? आत पोर गळा काढून रडत होतं. विमल मला हातात घेऊनच बाहेर आली.

"अरे, तुमची भास मागीर ठरवा! हो झील खंयच्या भाशेत रडता, ता आधी सांगा!"

"कोकणीत गो, काकी!"

"छट्! शुद्ध मराठीत!"

हसू आवरत विमल आत वळली, आणि उंबऱ्यातच थबकली. शुभांगीही रडत होती.

"मांय, तो माझ्याकडे बघनासुद्धा. त्याची आवय मी, काय ही वाटी?"

मी काशाची, पण त्या प्रश्नाने मलाही चरका बसला.

तेवढ्यात पोर पुन्हा रडलं, आणि त्या रडण्यासरशी शुभांगीची चोळी पुढून भिजली. विमल पुढे सरली.

"दूध ना म्हणता? मगे ही चोळी कित्यान भिजली?" मग आवाज उतरला. "माझीय अशीच भिजायची गो. सासूक सांगूक धीर जालो ना."

माझ्यातलं गाईचं दूध तिने मांजराच्या करवंटीत ओतलं. मांजराची दिवाळी! मला उकळत्या पाण्यातून काढलं. गरम फडक्याने सुनेची छाती शेकली, हलक्या हाताने चोळली आणि मला खाली धरलं. थेंब, मग धार. इतक्या वर्षांत माझ्या पोटात पहिल्यांदाच आईचं दूध पडलं!

"नर्सबाय काय सांगी होती?"

"नुसता टोक नाका, काळो भाग तोंडभर जाऊक होयो. आणि तो जितको ओढतलो, तितक्या दूध येतला."

"तेव्हा मूग गिळून कित्याक बसलंस?"

"तुमी बोलूक दिलास तर!"

विमल खो खो हसली. छाती आता मऊ झाली होती. तिने पोराला शुभांगीच्या कुशीत पोटाला पोट लावून धरलं आणि माझ्या चोचीतून तेच दूध छातीवर थेंबथेंब सोडलं. पोराने जीभ लावली. ओळखीची चोच तोंडात येईना, म्हणून चिडलं. पुन्हा थेंब, पुन्हा जीभ. आणि मग लबाडाने मोठ्ठा आ केला! घुटूक, घुटूक आवाज यायला लागला. मी रिकामी झाले तरी त्याला पत्ता नाही.

एका दिवसात सगळं सुरळीत झालं, असं खोटं मी सांगणार नाही. तो रुसायचा, ती रडायची, विमल मला घेऊन थेंब सोडायची. पण हळूहळू माझं काम संपलं. सवयीने विमलचा हात माझ्या फळीकडे गेलाच, तर शुभांगी दटावायची, "मांय, हात मागे!"

आता मी देवघरात असते. समईत तेल घालायला माझी चोच फार छान. त्या पोराला, सिद्धेशला, आता मिशा आल्यात, आणि त्याची बायको पूजा बाळंत झालीय. काल शेजारीण विचारत आली, "वाटी खंय गो?" शुभांगी म्हणाली, "ती देवाच्या कामाक लागली. चीकसुद्धा फुकट घालवूचो ना आमी!"

बायांनो, पोर रडलं तर आधी छातीशी धरा, आणि त्या आईला चार घास वाढा, टोमणे नकोत. अडलंच, तर आईचं दूध घेऊन मला हाक मारा. तेल पुसून, उकळत्या पाण्यात न्हाऊन मी येईन, आणि पोराला त्याच्या आईच्या हवाली करून परत समईपाशी जाईन.