लाल-पिवळ्याच्या लकेरी

रानातल्या अठरा नर पक्ष्यांच्या पायांत ओळखीची रंगीत कडी होती. ज्याच्या गाण्यात लकेरींचे प्रकार जास्त, तो नर धडधाकट, आणि माद्या गाणं ऐकून बरोबर त्यालाच निवडतात, हे तिचे मार्गदर्शक सर वीस वर्षं ठासून सांगत आले होते. तिचा प्रबंधही त्याच खुंटीला टांगलेला.

आज रक्ताचे अहवाल उघडले आणि लाल-पिवळ्या कड्यांच्या नराने घात केला. त्याच्या लकेरी तेवीस प्रकारच्या, सगळ्यांत जास्त. मादी पहिल्याच आठवड्यात भाळली. पण रक्त जंतूंनी बुजबुजलेलं, आणि पाचांतली चार पिल्लं मेली. हा एक गडी धरला की सरांच्या नियमाचा बोऱ्या वाजत होता.

सर शांतपणे म्हणाले, थकली असशील, त्याच्या लकेरी पुन्हा मोज. तक्त्यावर सही संध्याकाळी करतो.

तिने त्याच्या लकेरींच्या आलेखांच्या छापील पट्ट्या टेबलावर पसरल्या. सारख्या दिसतील त्यांचा एक गठ्ठा, अशी मन लावून वाटणी केली. गठ्ठे भरले सोळा. आता सरांचा नियम वाचत होता.

खोटं लिही, असं सर बोललेच नव्हते. तिचेच डोळे लाचार झाले होते. आता कुठला आकडा हवा, हे डोळ्यांना आधीच ठाऊक होतं. पक्षी गाण्यात फसवतो का, यावर वीस वर्षं संशोधन चालतं. मोजणाऱ्याला कोणी तपासत नाही.

पट्ट्या पिसून ती जाळेकाकांकडे गेली. काका पक्षी धरायची जाळी लावत. अहवालांचा त्यांना पत्ता नव्हता. गाणं कोणाचं, ते सांगणार नाही म्हटल्यावर ते हसले.

"लपव. नवऱ्याचं नाव असल्यासारखं लपवतेस."

काका गठ्ठे लावत होते. सोळाला थांबावेत असं तिला मनापासून वाटत होतं आणि स्वतःची किळस येत होती. सतरावा पडला. अठरावा. बावीसला काका थांबले.

संध्याकाळी तिने तिन्ही आकडे सरांपुढे ठेवले.

"जाळी लावणारा माणूस मोजणार?"

"त्यांना रक्ताचं माहीत नव्हतं, सर. मला होतं."

सरांनी पेन उघडलं. "सोळा ठेव. सही करतो."

तिने सोळावर रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'मोजणारीला निकाल माहीत होता', आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

सरांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं. तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली.