तोटीवरचं तेल

आमच्या ह्यांचा स्वभाव मुळातच मवाळ. भाजीत मीठ नसलं तरी निमूट जेवून उठतील. पण त्या खंडेनवमीला ते चारचौघांत असे ओरडले, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे समुद्रपूरजवळच्या एका कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आग विझवणाऱ्यांचे जमादार. कापूस पेटला की धुरात शिरायचं कुणी, ही दर हंगामाची काळजी. त्या वर्षी मालकांनी लष्कराच्या जुन्या सामानातून हवेचा एक सिलिंडर आणला. पाठीवर बांधायचा, तोंडाला मुखवटा लावायचा आणि धुरातही खुशाल श्वास घ्यायचा. हे नागपूरला जाऊन त्याचं सगळं शिकून आले. सणाच्या दिवशी तो सर्वांसमोर चढवून दाखवायचा मान ह्यांच्या टोळीतल्या नत्थूजीला मिळाला. जिनातच काम करणाऱ्या म्हाताऱ्या देवकाबाईचा हा एकुलता एक मुलगा.

खंडेनवमीला जिनातल्या साऱ्या यंत्रांची, अवजारांची पूजा. आधी पुसून तेल लावायचं, मग हळदकुंकू. देवकाबाई जवसाच्या तेलाची वाटी घेऊन आली. मुलाचा जीव ज्याच्या भरवशावर, त्याला तेल लावताना ती कशाला हात आखडते? सिलिंडर तिनं नुसता माखला. हवा सोडायच्या तोटीच्या आट्यांतही बोटानं तेल जिरवलं. नारळ फुटला. नत्थूजीनं सिलिंडर उचलला आणि तोटीला हात घातला.

"हात काढ! सोड ते!" तोवर पंपाच्या पूजेत असलेले हे तोटीवरचं तेल दिसताच ओरडले.

देवकाबाईचं तोंड एवढंसं झालं. "काऊन जी हरिभाऊ? माह्या हातची पूजा चालत नाई का?"

मला ह्यांचा असा राग आला! सणासुदीला म्हातारीला दुखवायचं म्हणजे काय? हे मात्र तिच्यापुढे उकिडवे बसले.

"तसं नाई, माय. यात हवा दाबून दाबून भरली आहे. तोटी उघडली की ते जोरात सुटते, नळीत दबून तापते, अन् तेल लागलं असन तर भडका होऊ शकते. नत्थूच्या तोंडापाशीच झाला असता. अन् नाई झाला, तरी तेलाची वाफ त्याच्या छातीत गेली असती."

देवकाबाईनं वाटीकडे पाहिलं, मग मुलाकडे. वाटी तिनं लांब सरकवली. नत्थूजीनं तिला जवळ धरलं. "काई झालं नाई ना, माय." माझा राग कुठल्या कुठे गेला. मीच पदरानं तिचे तेलकट हात पुसले.

सिलिंडर साफ करायला नागपूरला गेला. दिवाळीनंतर नत्थूजीनं तो चढवून दाखवला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी पोटभर जिलेबी खाल्ली. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढच्या खंडेनवमीला जिनात गेले, तर सिलिंडरजवळ देवकाबाई ठाण मांडून बसलेली. समोर नुसतं झेंडूचं फूल. मॅनेजर दत्तोपंत सवयीनं तेलाची वाटी घेऊन पुढे आले. ती उठून आडवी झाली.

"साहेब, ते तेल तिकडेच राहू द्या. यात माह्या लेकराचा श्वास आहे."