लिंबटोलीचा रंग

आमच्या लिंबटोलीत कोणाची नळाची तोटी चोरीले गेली तरी आम्ही ठाण्यात जाऊन रिपोर्ट लिहून यायचो. हसू नका. ही सवय सगळ्या टोलीले मीच लावली होती, अन् मले तिचा भारी गर्व होता.

मी शामला. नागपुरात जरीपटक्याच्या मागच्या बाजूले, रेल्वे लाईनच्या अलीकडे आमची टोली आहे. मी साड्यांले फॉल-पिको करून देते. गांधीबागेच्या बाजारातून फॉल अन् रिळं आणायची, मशीन चालवायची, मांगल्य लेआउटच्या बंगल्यांमध्ये साड्या पोचवायच्या, असं माझं चालते. आमचे मनोहरराव ट्रकवर असतात, आज रायपूर तं उद्या विशाखापट्टणम. त्यामुळं घरात मी अन् माझी पोट्टी अबोली, आम्ही दोघीच.

आधी टोलीत भलता त्रास होता. बाहेरचे पोट्टे गाड्या घेऊन यायचे, पोरींच्या ओढण्या ओढायचे, म्हाताऱ्या बायांच्या गळ्यातल्या पोतीले हात घालायचे. पोलिसांले सांगतलं तं म्हणत, "लिखके दो, तब ना कुछ करेंगे." अन् लिहायले कोणी जाये नाही. बदनामी होते ना बाप्पा! म्हणून एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाले मी वाण म्हणून शिट्ट्या वाटल्या. बाकीच्या बाया चहाची गाळणी देत होत्या, प्लास्टिकच्या वाट्या देत होत्या, अन् मी शिट्ट्या!

शेजारच्या यमुताईनं नाक मुरडलं. "काहून वं शामला, आम्ही काय कबड्डीचे पंच आहोत?"

"गळ्यात घाला मुकाट्यानं," मी म्हटलं. "शिट्टी ऐकली का हातातलं काम टाकून बाहेर यायचं. पीठ लागलं असन तं पिठाच्या हातानं यायचं. अन् मग सगळ्या मिळून ठाण्यात. रिपोर्ट लिहून झाल्याबिगर कोणी चुलीपाशी जाणार नाही."

अन् खरंच बाया येत गेल्या. ठाण्यातला मुन्शी आम्हाले पाहिलं का कपाळाले हात लावे. "आ गये लिंबटोलीवाले!" पण लिहून घेये बिचारा. हळूहळू गाड्यावाले पोट्टे आमच्याकडे फिरकेनासे झाले. अबोली अंधार पडल्यावरही दुकानात एकटी जाऊन यायची. गळ्यात निळी शिट्टी, हातात मोबाईल. तिले तसं जाताना पाहिलं का मले वाटे, चला, आयुष्यात काही तरी केलं आपण.

यमुताईची रितिका मोठी हुशार. टोलीतली विद्यापीठात गेलेली पहिली पोट्टी. तिनं पीएचडी करायले घेतली तीही ह्याच गोष्टीवर, शहरातली सुरक्षा अन् गुन्हे कसे रोखायचे. एक दिवस माझ्या मशीनपाशी येऊन बसली.

"काकू, मी पुऱ्या नागपूरचा नकाशा काढून राहिली. कुठं किती गुन्हे होतात ते. एकदा आपली टोली त्याच्यात दिसली का कॉर्पोरेशनले लाईट द्यावेच लागतीन. लाकडं कापायच्या आरा मशीनच्या भिंतीपाशी किती अंधार असते, तुम्हाले तं माहीतच आहे."

मले काय आनंद झाला म्हणून सांगू! तिच्यासंगं मी घरोघर फिरली. बायांले सांगत होती, "काही लपवू नका वं. आपली रितिका आहे." ठाण्यातल्या सगळ्या तक्रारी तिले कागदावर मिळाल्या. पीएचडी झाली, यमुताईनं पेढे वाटले, पोट्टीचा फोटो पेपरात आला. मी तो फोटो मशीनच्या वर चिकटवला.

तिचा नकाशा साहेब लोकांले एवढा आवडला का त्याचं मोबाईलवर ॲपच काढलं कोणी तरी. दर मार्चले नवीन तक्रारी टाकून त्याचे रंग बदलणार होते. अबोलीनं मले दाखवलं. सारं शहर रंगवलेलं होतं. हिरवं म्हणजे चांगलं, पिवळं म्हणजे जरा सांभाळून. अन् आमची टोली लाल, कुंकवाचा करंडा उपडा झाल्यासारखी.

"अन् मांगल्य लेआउट?" मी विचारलं.

"हिरवा आहे आई. एकदम हिरवा."

मी म्हटलं, अरे वा रे हिरवा! त्या लेआउटमध्ये एका बंगल्यातलं कपाट पुरं साफ झालं होतं. शेठाणी मले म्हणे, "कोणाले बोलू नको शामला, घरातलाच कोणी असन तं तोंड कुठं लपवू?" दुसऱ्या बंगल्यातली सून भर दुपारी घरात काळा चष्मा लावून माझ्याकडून साड्या घेते. डोळा किती सुजलेला असते ते मी पाहिलं आहे. त्यांच्याकडून ठाण्यात कोणी जात नाही. म्हणून ते हिरवे. आम्ही पिठाच्या हातानं धावत गेलो, म्हणून आम्ही लाल!

तरी सुरवातीले आम्ही हसलोच. होऊ दे लाल, लाईट तं येतीन. लाईट काही आले नाही. आधी सामान आणणारे पोट्टे चौकातून फोन करायले लागले, "मॅडम, अंदर नहीं आयेंगे." मग टोलीतल्याच नंदिनीच्या पोराले गाडीचं कर्ज देणाऱ्यानं पत्ता ऐकून परत पाठवलं. अन् दिवाळीनंतर अबोलीची गाडी बंद झाली.

अबोली मिहानमधल्या एका कंपनीत लागली होती. फोनवर बोलायचं काम. कंपनीची गाडी सकाळी तिले घरासमोरून नेये अन् संध्याकाळी घरासमोर सोडे. कंपनीनं ॲप पाहून नियम काढला का लाल भागात गाडी जाणार नाही. ड्रायव्हरच्या सुरक्षेसाठी म्हणे! अन् माझ्या पोरीची सुरक्षा? तिले पेट्रोल पंपापाशी उतरवून द्यायले लागले. तिथून आरा मशीनच्या भिंतीच्या कडेकडेनं, अंधारातून, टोलीपर्यंत पायी यायचं. ज्या भिंतीसाठी लाईट मागायले हा सारा खटाटोप केला, त्याच भिंतीपाशी.

माझं डोकं असं फिरलं का मी तशीच उठून रितिकाकडे गेली. विद्यापीठात तिले छोटीशी खोली मिळाली होती, टेबल, खुर्ची अन् भिंतीवर तोच नकाशा.

"हा रंग काढ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता काढ."

"काकू, बसा ना आधी."

"बसायले नाही आली मी! तुले माहीत नव्हतं का आम्ही बारीकसारीक गोष्टीची रिपोर्ट लिहितो म्हणून? तू आमच्यातलीच ना वं?"

ती रडायले लागली. खोटं कायले सांगू, मले तिची दया नाही आली तेव्हा. म्हणाली, "मी लिहिलं होतं काकू. स्पष्ट लिहिलं होतं का जिथं लोक हिंमत करून तक्रार देतात तिथं आकडा मोठा दिसते, म्हणून तेवढ्यावरून वस्तीले वाईट समजू नका. पूर्ण एक प्रकरण लिहिलं. कोणी वाचतच नाही. सारे रंग पाहतात. कंपनीले पत्र दिलं, ॲपवाल्यांले भेटली. ते म्हणतात, मॅडम, आकडे तं तुमचेच आहेत."

"मग आता?"

ती खाली पाहून बोलली, "मार्चमध्ये नवीन आकडे जातीन. तक्रारी कमी झाल्या तं रंग आपोआप उतरन."

एवढंच बोलली ती. तिनं काही सुचवलं नाही, हे मी आजही सांगते. पण यमुताई तिची माय आहे, अन् घरात बोललेलं टोलीत पसरायले कितीसा वेळ लागते?

ह्या वर्षीच्या हळदीकुंकवाले बाया तिळगूळ हातात घेऊन हेच बोलत होत्या. मार्चपर्यंत कोणी ठाण्यात जायचं नाही. नंदिनी म्हणाली, "सिलेंडर चोरी जाऊ दे, मोबाईल जाऊ दे, तोंड बंद ठेवायचं. माझ्या पोराची गाडी अडून आहे."

मी उसळलीच. "डोकी फिरली का वं तुमची? एवढ्या मेहनतीनं उभं केलं ते एका रंगासाठी सोडून द्यायचं? मी तं जाईन. एकटी जाईन."

"तुले जायचं तं जा," यमुताई म्हणाली, अन् तिचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. "पण मग तुह्या अबोलीची गाडी पंपापाशीच थांबन वर्षभर. समजून घे."

मी चिडून घरी आली. पण ते वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं. रोज संध्याकाळी मी दारात उभी राहायची. कधी पंपापर्यंत तिले घ्यायले जायची, पण लग्नसराईत साड्यांचा ढीग पडला का जमत नव्हतं. अबोलीच म्हणे, "आई, कायले येतेस? शिट्टी आहे ना माझ्याजवळ."

फेब्रुवारी संपत आला होता. मी मशीनवर होती. दिवेलागण नुकतीच झाली होती. अन् शिट्टी वाजली.

एकदा नाही. वाजतच राहिली. मी मशीनमध्ये पाय अडकून पडली, उठली, धावली. बाकीच्या बाया पण धावल्या, ते सांगितलंच पाहिजे. कोणी घरात बसली नाही. आम्ही पोचलो तं अबोली भिंतीले पाठ लावून बसली होती, कुर्त्याची बाही खांद्यापासून फाटलेली, गळ्यावर बोटांचे वळ, तोंडात शिट्टी. दातात अशी धरली होती का मले ती काढता येत नव्हती. दोघं होते. आम्हाले पाहून पळाले, पण गाडी तिथंच टाकून पळाले. नंबर पुसलेला नव्हता. सारं होतं बाप्पा, सारं समोर होतं! पोलिसांले आणखी काय लागते?

घरी आणलं. नंदिनीनं दूध गरम केलं. खोलीत बाया दाटून बसल्या होत्या. मग यमुताई भिंतीकडे पाहून म्हणाली, "मार्च आलाच आहे."

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यात पाणी होतं. नंदिनीनं मान खाली घातली. मी म्हटलं ना एकटी जाईन? म्हटलं होतं. सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या. नेहमी मीच उठायची, मीच चपला घालायची, मीच म्हणायची, चला वं बायांनो.

अबोली उठली. तिनं फाटक्या कुर्त्यावर माझी शाल ओढून घेतली, चपला घातल्या, अन् दारात जाऊन उभी राहिली. लहानपणापासून तिनं तेच तं पाहिलं होतं माझं.

"चाल ना आई," ती म्हणाली.

मी हिशोब केला. होय, मी तिची माय आहे अन् मी त्या घडीले हिशोब केला. आज लिहिलं तं वर्षभर लाल. वर्षभर पेट्रोल पंप, वर्षभर ही भिंत, रोज अंधार. नाही लिहिलं तं महिन्याभरात गाडी दारात. मले वाटलं, मी तिलेच वाचवून राहिली. देवाशप्पथ, मले तसंच वाटलं.

"बस बाई," मी म्हटलं. "दूध पिऊन घे आधी."

तिले समजायले वेळ लागला. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग बायांकडे, मग परत माझ्याकडे. मग तिनं चपला काढल्या. एक एक करून नीट भिंतीशी लावून ठेवल्या, पाहुणीनं काढून ठेवाव्या तशा.

त्या पोट्ट्यांची गाडी दुसऱ्या दिवशी तिथं नव्हती. येऊन घेऊन गेले असतीन आरामात. कोण अडवणार होतं?

एप्रिलमध्ये लिंबटोली पिवळी झाली. नंदिनीच्या पोराले कर्ज मिळालं. रितिकाचा फोन आला, विद्यापीठात कार्यक्रम आहे म्हणे, दोन-तीन महिन्यांत एवढे गुन्हे कमी झालेली शहरातली एकच वस्ती, अन् शिट्ट्यांची कल्पना माझी, म्हणून माझा सत्कार करायचा साहेबांच्या मनात आहे. "मी त्यांले नाही म्हणून सांगतलं काकू," ती म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

अन् कंपनीची गाडी आली. अगदी घरासमोर. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मी धावत आत गेली. अबोली पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. फेब्रुवारीपासून ती उंबऱ्याच्या बाहेर गेली नव्हती; कंपनीले मी तब्येतीचं कारण सांगून सुट्टी वाढवून घेतली होती. मले वाटत होतं का गाडी आली का ती उठन. त्याच्यासाठीच तं सारं केलं ना मी?

"अबोली, गाडी आली वं. दारात आली."

ती उठली नाही. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, मग थकून निघून गेला. तेव्हा तिनं गळ्यातली निळी शिट्टी काढली अन् न पाहता माझ्याकडे हात केला.

"हे तू ठेव आई," ती म्हणाली. "मी वाजवली तरी तू काय करशीन?"